नवा पार्ट टाकल्यावर पीसी सुरूच होत नाही? आधी जुन्या जोडण्या तपासा

रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड बदललं किंवा नवा प्रोसेसर टाकला, कॅबिनेट बंद केलं, बटण दाबलं आणि डिस्प्लेच नाही. हा प्रश्न इतक्यांदा विचारला जातो की उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवलेलं बरं. विचारणारा बहुतेक वेळा निकाल लावूनच आलेला असतो: "नवीन पार्ट डेड आलाय." डेड पार्ट येतात, नाही असं नाही. पण ती शक्यता यादीत अगदी तळाला धरायची. पार्ट बसवताना आपला हात आजूबाजूला किती ठिकाणी लागतो हे कोणी मोजत नाही. ग्राफिक्स कार्ड काढायला हात घातला की डिस्कची साटा केबल ओढली जाते. कूलर काढताना रॅमच्या क्लिपला धक्का लागतो. लांबलचक कार्ड आत सरकवताना पॉवर बटणाची बारीक वायर निघून येते. त्यामुळे माझा पहिला प्रश्न असा असतो: पार्ट बसवायला काय काय काढलं आणि काय काय हललं?

दुसरा प्रश्न: "सुरू होत नाही" म्हणजे नेमकं काय होतं? बटण दाबल्यावर ढिम्म काहीच होत नाही, की पंखे अर्धा फेरा मारून थांबतात, की पंखे-लाइट सगळं चालू पण स्क्रीन काळी, की डिस्प्ले येतो पण विंडोज येत नाही? या चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. काळ्या स्क्रीनवर विंडोज पुन्हा टाकायचा सल्ला देणारे भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. मशीन अजून बायोसपर्यंतच (बोर्डातला, विंडोजच्या आधी चालणारा प्रोग्राम) पोचलेलं नाही, विंडोजचा त्यात काय संबंध?

आणि तिसरी गोष्ट, जी करायचा सगळ्यांना कंटाळा येतो: जुना पार्ट परत लावून बघा. जुन्या पार्टवर पीसी सुरू झाला तर दोष नव्या पार्टमध्ये किंवा त्याला लागणाऱ्या पॉवर-बायोसमध्ये. जुन्यावरही सुरू होत नसेल तर नव्या पार्टला सध्या सोडून द्या, काहीतरी हाताखालून सुटलंय. या अर्ध्या तासाच्या कामाने निम्मी कारणं एका फटक्यात बाद होतात.

आत हात घालण्याआधी एसएमपीएसचं, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणाऱ्या डब्याचं, मागचं बटण बंद करा, केबल काढा आणि मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. बोर्डवरचा लाइट विझला की कामाला लागा. मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज पार्टवर उतरत नाही. एसएमपीएस स्वतः मात्र कधीच उघडू नका. आतले कपॅसिटर केबल काढल्यावरही जिवावर बेतेल इतका चार्ज धरून असू शकतात.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

एसएमपीएसचं मागचं बटण चालू आहे ना? हसू नका, कार्ड बसवायला ते बंद करायचं आणि मग विसरायचं, हे नेहमीचं आहे. सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून वीज येते का तेही बघून घ्या.

ते ठीक असेल तर मदरबोर्डवर एखादा बारीक लाइट लागलाय का बघा. बंद पीसीतही एसएमपीएस बोर्डाला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत असतो. बऱ्याच बोर्डांवर त्याचा लाइट असतो, आणि तो दिसला तर वीज बोर्डापर्यंत पोचतेय, फक्त "चालू हो" हा निरोप पोचत नाही. मग संशय पॉवर बटणाच्या वायरवर. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पुढच्या पॅनेलच्या पिना असतात. मॅन्युअलमध्ये पॉवर स्विचच्या दोन पिना कुठल्या ते बघा, त्यांच्यावरचा कनेक्टर काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिनांना एकदम क्षणभर स्पर्श करा. पीसी सुरू झाला तर बटणात किंवा त्याच्या वायरमध्ये दोष आहे. बटणाच्या कनेक्टरला उलट-सुलट नसतं, तो कसाही बसला तरी चालतो. एलईडीच्या कनेक्टरला मात्र दिशा असते.

लाइटच नसेल तर २४ पिनांचा मोठा कनेक्टर दाबून बघा. त्याची क्लिप बोर्डाच्या दातावर अडकलेली दिसली पाहिजे, नुसता "घट्ट वाटतोय" एवढ्यावर जाऊ नका. मॉड्युलर एसएमपीएस (ज्याच्या केबल सुट्या काढता येतात) असेल तर केबलचं दुसरं टोक, एसएमपीएसच्या बाजूचं, तेही बघा. ओढाताणीत तेच सुटतं.

इथेच एक गंभीर इशारा. नवा एसएमपीएस घेतला आणि जुन्याच्या मॉड्युलर केबल तशाच ठेवल्या, कारण त्या आधीच नीट ओवलेल्या होत्या, असं करू नका. पार्टकडच्या टोकाची पिनरचना ठरलेली असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची प्रत्येक कंपनी, कधी कधी एकाच कंपनीची प्रत्येक मालिका, आपापल्या मनाने ठरवते. केबल बसते अगदी छान, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळते. अशी केबल लावली असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबून बघत बसू नका, लगेच काढा.

एसएमपीएस एकटा तपासायचा असेल तर तो सगळ्या पार्टपासून सोडवायचा आणि २४ पिनांच्या कनेक्टरमधली सोळावी पिन कुठल्याही ग्राउंड पिनला वायरच्या तुकड्याने जोडायची. जुन्या केबलमध्ये ही हिरवी आणि काळी वायर असते. सगळ्या वायरी काळ्या असतील तर पिनांचा नकाशा बघितल्याशिवाय हात लावू नका. वायर आधी लावायची, मागचं बटण नंतर चालू करायचं. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस सुरू होतो, एवढंच कळतं. तो लोड पेलतो की नाही हे यातून कळत नाही. काही मॉडेलमध्ये लोड नसताना पंखा मुद्दाम थांबलेला असतो, त्यामुळे पंखा फिरला नाही म्हणून एसएमपीएस गेला असंही नाही. मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी.

पंखे क्षणभर फिरतात आणि थांबतात

हे लक्षण दिसलं की कुठेतरी शॉर्ट आहे असं धरून चाला. एसएमपीएसने धोका ओळखून स्वतःला बंद केलंय. काही एसएमपीएस असे ट्रिप झाले की मागचं बटण बंद करून थोडा वेळ थांबल्याशिवाय पुन्हा सुरूच होत नाहीत, आणि माणसाला वाटतं आता पूर्णच गेला.

नवा पार्ट काढून बघा. तरी तेच होत असेल तर बाहेरच्या सगळ्या केबल काढा: माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह, लॅन, मॉनिटरसुद्धा. पुढच्या यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिन अख्खा पीसी अडवून ठेवू शकते. डिस्प्लेपोर्टच्या काही हलक्या केबलमध्ये विसावी पिन जोडलेली असते, ती खरं तर जोडायची नसते. त्यातून मॉनिटरची ३.३ व्होल्टची वीज उलटी पीसीत येते आणि मग तो कधी सुरू होतो, कधी होत नाही. नवं कार्ड आणि त्यासाठी नवी केबल असा जोडीने बदल झालेला असेल तर हे आवर्जून तपासा.

मदरबोर्डच बदलला असेल तर त्याच्या पाठीकडे लक्ष द्या. बोर्ड ज्या पितळी स्टँडऑफवर बसतो ते जुन्या बोर्डाच्या भोकांप्रमाणे लावलेले असतात. नव्या बोर्डाला एखाद्या ठिकाणी भोक नसेल आणि खाली स्टँडऑफ तसाच राहिला, तर तो बोर्डाच्या पाठीवरच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. बोर्ड बाहेर काढून भोकं आणि स्टँडऑफ एकेक करून जुळवण्याशिवाय हे लक्षात येत नाही. मागच्या पत्र्याची एखादी धातूची जीभ लॅनच्या किंवा यूएसबीच्या पोर्टमध्ये घुसलेली नाही ना, तेही तेव्हाच बघा. आणि हातातून पडलेला स्क्रू कुठे गेला ते आठवत नसेल तर तो बोर्डाखालीच आहे असं समजा.

पंखे फिरतात, डिस्प्ले नाही

सगळ्यात जास्त तक्रारी याच आहेत, आणि बहुतेक वेळा सुटतातही.

मॉनिटरची केबल कुठे लावलीय? ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डाच्या पोर्टला हवी, बोर्डाच्या नाही. केबलचा प्रकार बदलला असेल, आधी एचडीएमआय आणि आता डिस्प्लेपोर्ट, तर मॉनिटर अजून जुन्या इनपुटवर अडकून बसलेला असू शकतो. उलटही घडतं: कार्ड काढून प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर चालवून बघायचं ठरवता, पण त्या प्रोसेसरला ग्राफिक्सच नसतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ येतो त्यांत ते नसतं. एएमडीच्या रायझन ५००० मध्ये ते फक्त जी मालिकेत मिळतं. रायझन ७००० मध्ये साधं ग्राफिक्स जवळपास सगळ्यांना आहे, एफवाले सोडून.

मग प्रोसेसरची पॉवर. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, कूलर आणि कॅबिनेटच्या मधल्या अडचणीत, ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर असतो. तो विसरला तर पंखे फिरतात, लाइट लागतात, सगळं जिवंत दिसतं आणि प्रोसेसर उपाशी असतो. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची केबल दिसायला सारखी असली तरी ती वेगळी, तिथे कोंबायची नाही. प्रोसेसरची केबल ४ अधिक ४ अशी तुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी.

कार्डाच्या पॉवरचा हिशेब साधा आहे. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनांतून ७५, ८ पिनांतून १५०. कार्डावर दोन सॉकेट असतील तर दोन्ही भरायची, शक्यतो दोन वेगळ्या केबलनी. एकाच केबलची पुढे लोंबणारी दुसरी शेपटी मोठ्या कार्डाला वापरू नका. नव्या कार्डांवरच्या १६ पिनांच्या कनेक्टरबद्दल तर विशेष काळजी घ्या. तो शेवटच्या मिलिमीटरपर्यंत आत गेलाच पाहिजे. अर्धवट बसलेले कनेक्टर तापून वितळल्याच्या तक्रारी आल्या, म्हणून सुधारित रचनेत सेन्सच्या (प्लग बसलाय का हे ओळखणाऱ्या) पिना आखूड केल्या, जेणेकरून प्लग पूर्ण आत गेल्याशिवाय कार्डाला वीजच मिळू नये. त्यामुळे त्या कनेक्टरवर "कार्ड डेड" वाटलं तर आधी तो काढून पुन्हा नीट दाबा.

कार्ड स्लॉटमध्ये बसण्याचंही एक तंत्र आहे. दाबल्यावर टक आवाज येतो, कार्ड सरळ दिसतं. मग मागच्या पट्टीचा स्क्रू आवळताना पट्टी कॅबिनेटला खेचली जाते आणि कार्डाचं आतलं टोक स्लॉटमधून किंचित वर उचललं जातं. स्क्रू आवळून झाल्यावर पुन्हा एकदा स्लॉटकडे टॉर्चने बघा. कार्ड उभं लावायला रायझर केबल वापरली असेल तर ती काढून थेट स्लॉटमध्ये बसवून बघा. कार्डाचा स्लॉट पीसीआयई प्रकारचा असतो, आणि त्याच्या तिसऱ्या पिढीची रायझर व चौथ्या पिढीचं कार्ड या जोडीत डिस्प्ले न येणं नेहमीचं आहे. बायोसमध्ये स्लॉट जेन ३ वर केला की चालतं.

रॅम, आणि थोडा धीर

आता रॅम. हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण दोष इथेच सापडतो. अनेक बोर्डांवर आता रॅमच्या स्लॉटला क्लिप एकाच बाजूला असते. त्या बाजूने टक झालं की आपण खूश. दुसरं टोक, जिथे क्लिप नाही, ते एखादा मिलिमीटर वर राहिलेलं असतं. डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बाजूने टॉर्च मारा. पट्टीची खालची कड स्लॉटला दोन्ही टोकांना सारखी समांतर हवी. एका बाजूला सोनेरी रेघ जाड आणि दुसऱ्या बाजूला दिसतच नाही, असं असेल तर ती बसलेली नाही. स्थिर टोकावर अंगठा ठेवून सरळ खाली दाबा. जोर बराच लागतो, बोर्ड थोडा वाकल्यासारखा वाटतो आणि तिथेच लोक घाबरून सोडून देतात.

दोन पट्ट्या असतील तर चार स्लॉटच्या बोर्डावर त्या प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. बोर्डावर सहसा ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. एकच पट्टी असेल तर ए२. एखाद्या बोर्डाचं वेगळं असू शकतं, तिथे मॅन्युअलचं ऐकायचं.

खोडरबराने पिना घासण्याचा उपाय सगळ्यांनी ऐकलेला आहे. त्याने काम होतं तेव्हा ते बहुतेक रॅम काढून परत लावल्यामुळे होतं. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, आणि रबराचा भुसा स्लॉटमध्ये पडला तर नवीनच त्रास. पिना मळलेल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सुटणारं कापड वापरा, पूर्ण वाळू द्या आणि मग लावा.

जुन्या पट्ट्यांबरोबर नव्या मिसळल्या असतील तर फक्त नव्या लावून बघा, मग फक्त जुन्या. दोन्ही वेगवेगळ्या चालतात आणि एकत्र चालत नाहीत, असं झालं तर कुठलीच पट्टी खराब नाही, जोडी जमत नाही इतकंच. डब्यावरचा वेग हा चार पट्ट्यांचा नसतो. रायझन ७००० साठी एएमडीने दोन पट्ट्यांना डीडीआर५-५२०० (डीडीआर५ ही रॅमची पिढी, ५२०० हा वेग) सांगितलंय आणि चार पट्ट्यांना फक्त ३६००. चार पट्ट्यांवर ६००० चं प्रोफाइल (डब्यावरच्या वेगाची बायोसमधली तयार सेटिंग) चालू ठेवलं तर डिस्प्ले न येणं हे नवल नाही.

डीडीआर५ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. नवी रॅम किंवा प्रोसेसर टाकल्यावर पहिल्यांदा बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे ती कुठल्या सेटिंगवर नीट चालते ते तपासून ठरवतो. एएम५ (रायझन ७००० चा सॉकेट) बोर्डांवर याला काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. मध्येच तो स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू होतो, हेही त्याचाच भाग. घाबरून बटण दाबून बंद केलं की पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून. अशा वेळी पंधरा मिनिटं हाताची घडी घालून बसा. खरोखर, त्याला हात लावू नका.

बोर्डावर चार बारीक लाइट असतील, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट, तर त्यातला कुठला लागून राहतो ते बघा. डीरॅमवर अडकला तर ग्राफिक्स कार्ड उचकटण्यात अर्थ नाही. लाइट नसतील तर पूर्वीच्या कॅबिनेटमध्ये यायचा तो छोटा स्पीकर बोर्डावर लावा. बीपची भाषा बायोसनुसार बदलते, ती मॅन्युअलमध्ये मिळेल.

प्रोसेसर बदलला असेल तर

सॉकेट (प्रोसेसर बसायची बोर्डावरची जागा) जुळला म्हणजे प्रोसेसर चालणारच, हा गैरसमज महागात पडतो. इंटेलचा एलजीए ११५१ सॉकेट घ्या. सहाव्या-सातव्या पिढीचा आणि आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर त्याच मापाच्या सॉकेटमध्ये बसतो, पण बोर्ड वेगळे लागतात. एलजीए १७०० वर १२ व्या पिढीसाठी आलेले ६०० मालिकेचे बोर्ड १३ वी पिढी चालवतात, मात्र बायोस अपडेट केल्यावर. एएमडीच्या आधीच्या एएम४ सॉकेटवर २०२० च्या शेवटी रायझन ५००० आले, आणि त्याआधी बनलेल्या बी४५० बोर्डांवर जुन्या बायोसने ते उठत नाहीत. पंखे फिरत राहतात, डिस्प्ले येत नाही. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर सपोर्टेड प्रोसेसरची यादी असते, आणि प्रत्येकापुढे किमान कुठला बायोस हवा ते लिहिलेलं असतं. खरेदीआधी बघायची ती यादी आता बघा.

बायोस जुना निघाला तर जुना प्रोसेसर लावून अपडेट करायचा आणि मग नवा टाकायचा. जुना हाताशी नसेल आणि बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसरशिवायही अपडेट होतो. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट, फाइलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नेमकं नाव, आणि खुणेच्या यूएसबी पोर्टमध्येच पेनड्राइव्ह. लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाऊ देऊ नका.

बायोस ठीक असूनही काही नाही, तर प्रोसेसर काढून पिना बघा. इंटेलच्या आणि एएम५ च्या पिना सॉकेटमध्ये असतात, एएम४ च्या प्रोसेसरला. एएम४ चा कूलर सरळ वर खेचला की वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. काढण्याआधी पीसी थोडा तापवावा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवून सैल करावा. सॉकेटमधल्या पिना बघायला मोबाइलचा कॅमेरा झूम करून तिरक्या प्रकाशात फोटो काढा, वाकलेली पिन चमक मोडल्यासारखी वेगळी दिसते. आणि एका बाजूला जास्त आवळलेला कूलर प्रोसेसरचा दाब बिघडवून रॅमची एक बाजूच गायब करू शकतो. बी२ मधली पट्टी दिसत नसेल तर कूलरचे स्क्रू सैल करून समोरासमोरचे आळीपाळीने सारखे आवळून बघा.

यातल्या कशानेच उठत नसेल तर बायोस रीसेट करा. वीज काढून बोर्डावरचा गोल सेल, सीआर२०३२, पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा किंवा मॅन्युअलप्रमाणे जम्पर लावा. सेल जुनाच असेल तर त्याच वेळी नवा टाकून द्या.

त्यानंतर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून रिकाम्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, दोन पॉवर कनेक्टर आणि डिस्प्लेपुरतं जे लागेल ते. डिस्क नाही, यूएसबी नाही, आरजीबी नाही. इथे सुरू झाला तर कॅबिनेटमध्ये शॉर्ट होता. मग एकेक पार्ट जोडत जा आणि प्रत्येक वेळी सुरू करून बघा. एकदम दोन पार्ट जोडण्याचा मोह आवरा.

डिस्प्ले येतो, विंडोज येत नाही

इथवर आलात तर हार्डवेअर बहुधा ठीक आहे. बायोसमध्ये डिस्क दिसते का? नवी एम.२ एसएसडी टाकल्यावर जुनी साटा डिस्क गायब झाली असेल तर मॅन्युअलमधला तक्ता बघा. बऱ्याच बोर्डांवर एखादा एम.२ स्लॉट वापरला की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. डिस्क दुसऱ्या पोर्टला लावा, झालं.

डिस्क दिसतेय पण निळी स्क्रीन येऊन "इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणतंय, तर बायोस रीसेट होताना स्टोरेजचा मोड बदललाय. आधी रेड किंवा व्हीएमडी चालू होतं आणि आता एएचसीआय झालं, किंवा उलट. पूर्वीचा मोड परत लावा, डेटाला काही झालेलं नसतं. बोर्ड बदललाय आणि जुनी डिस्क एमबीआर या विभागणीच्या जुन्या पद्धतीची आहे, तर नवा बोर्ड सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची बायोसमधली सोय) बंद असताना तिच्यावरून बूट करणार नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आत असतंच, ते डेटा न पुसता जीपीटी या नव्या पद्धतीत रूपांतर करतं. तरी बॅकअपशिवाय ते चालवू नका.

एएमडीचा प्रोसेसर बदलल्यावर एफटीपीएमबद्दल (गुप्त किल्ल्या जपणारी प्रोसेसरमधली सोय) एक सूचना येते आणि वाय (रीसेट करा) किंवा एन (तसंच ठेवा) दाबायला सांगते. लोक न वाचता वाय दाबतात. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्यानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यावर किंवा कुठे लिहून ठेवलेली आहे याची खात्री होईपर्यंत एन दाबा.

सुरू होतो, पण पुन्हा पुन्हा तेच

सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की डिस्प्ले नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी येतो, मग दिवसभर उत्तम. ही तक्रार अपग्रेडनंतर काही दिवसांनी येते आणि लोक महिनोन्‌महिने तशीच चालवून घेतात. पहिला संशय रॅमच्या एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइलवर. ते बंद करून मूळ वेगावर काही दिवस चालवा. तक्रार गेली तर बायोस अपडेट करा आणि वेग एक पायरी कमी ठेवा. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं टूल) रात्रभर चालवून एकही चूक आली तरी ती सेटिंग वापरू नका. प्रोफाइल बंद करूनही तेच होत असेल तर एसएमपीएसकडे वळा, विशेषतः तो जुना असेल आणि नवं कार्ड मोठं असेल तर. जुने कपॅसिटर थंड असताना सुरुवातीचा झटका पेलत नाहीत. त्याची शेवटची खात्री दुसरा चांगला एसएमपीएस लावूनच होते.

तारीख आणि वेळ दर वेळी मागे जात असेल तर मात्र तो बोर्डावरचा सेल आहे, बाकी काही उघडू नका. फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज शटडाउननंतरही अर्धवट झोपेत राहतं, आणि तेव्हा जपून ठेवलेली जुन्या हार्डवेअरची माहिती हेही पीसी अडण्याचं एक कारण असतं. पुढचा पार्ट बदलण्याआधी शिफ्ट दाबून शटडाउन करा, म्हणजे फास्ट स्टार्टअप टळतं.

पार्ट परत करायची वेळ आली तर

दुसऱ्या पीसीत तोच पार्ट लावून तिथेही तो उठला नाही, तरच तो डेड समजा. दुसरा पीसी हाताशी नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे फक्त पार्ट न नेता अख्खं कॅबिनेट न्या आणि काय काय करून पाहिलं, कुठला लाइट लागून राहतो, जुन्या पार्टवर चालतो का, हे कागदावर लिहून द्या. मदरबोर्ड वॉरंटीला पाठवत असाल तर आधी सॉकेटच्या पिनांचे जवळून स्पष्ट फोटो काढा आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण लावूनच पॅक करा. ते झाकण फेकून दिलेलं असेल आणि वाटेत पिना वाकल्या, तर दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.